बंद दारामागचं ताट

अव्वा, माझी आई, गेली त्याच्या आदल्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. रविवार होता. बीदरजवळच्या नौबादच्या घरी पाण्याचा टँकर उशिरा आला. अप्पांनी आधी मराठी पेपर वाचला, मग कन्नड, आणि दोन्हींत पावसाचा अंदाज वेगवेगळा निघाला म्हणून दोन्हींना नावं ठेवली. मी आदल्या दिवशीच कलबुर्गीहून आले होते. दुपारी सगळे जेवायला बसलो तेव्हा माझ्या धाकट्या भावानं, प्रशांतकुमारनं, आपल्या मुलीच्या ताटाकडे नुसतं पाहिलं, आणि मंजुश्रीनं हातातली अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. कॉलेजात जाणारी मुलगी. अव्वानं ते पाहिलं. मीही पाहिलं.

"तू बसायलीस का?" अप्पांनी अव्वाला विचारलं. रोज विचारायचे तसंच, मान वर न करता.

"तुम्ही बसा. मी मागनं खाते."

हे वाक्य आमच्या घरात रोजच्या भाकरीसारखं होतं. अव्वाला पोटभर जेवताना पाहिलेलं माणूस घरात नव्हतं. पाहुण्यांत तिचं कौतुक व्हायचं, मल्लव्वाचं खाणं चिमणीचं, मल्लव्वाचे सोमवार कडक. तरी तिचं अंग वर्षागणिक सुटत गेलं आणि त्याचं खापर थायरॉइडवर फुटत राहिलं.

खरं मला माहीत होतं. शाळेत असताना एकदा कोठीच्या दाराच्या फटीतून मी तिला पाहिलं होतं. ती पाठमोरी उभी होती आणि दुरडीतल्या शिळ्या भाकरी गुळाबरोबर तोंडात कोंबत होती. चव घेत नव्हती. कोणीतरी मागे लागल्यासारखी खात होती. मी पाऊल न वाजवता परत फिरले. पुढे वसतिगृहात माझंही तसंच सुरू झालं. दिवसभर उपाशी राहायचं, कडी लावून एकदम खायचं, पोट दुखेपर्यंत खायचं आणि मग स्वतःचं तोंड आरशात बघायचं नाही. गेल्या वर्षी कलबुर्गीतल्या एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी हा आजार आहे, पुष्कळांना असतो, बरा होतो, असं सांगेपर्यंत मी त्याला माझा हावरेपणाच समजत होते.

तेव्हापासून नौबादला येताना दर खेपेला मी अव्वाशी बोलायचं ठरवून यायचे. त्याही खेपेला तशीच आले होते. पण ती डबा बांधत होती. "बस चुकंल तुझी," म्हणाली. मी बस गाठली. हुमनाबादच्या पुढे डबा उघडला, दोन होळग्या, आमच्याकडच्या पुरणपोळ्या, खाल्ल्या आणि झाकण लावलं. दोन खाऊन झाकण लावणं मला आता आता जमायला लागलं होतं. हे अव्वाला सांगायचं, पुढच्या खेपेला नक्की, असं मी खिडकीबाहेर बघत ठरवलं.

पहाटे नेत्रावतीचा, माझ्या भावजयीचा, फोन आला. "अक्का, अत्ती गेल्या," ती म्हणाली. सासूला ती अत्ती म्हणायची. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं.

•

अकराव्याच्या दिवशी सकाळपासून मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. पुढे मांडव घातला होता. स्वामींची पाद्यपूजा उरकली होती आणि पाहुणे सतरंज्यांवर बसून एकमेकांच्या गावचा पाऊस विचारत होते. फक्त एक गोष्ट राहिली होती, ताट.

आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी ताट ठेवतात. त्याच्या आवडीचं सगळं, न चाखता शिजवलेलं, वाढून फोटोसमोर ठेवायचं आणि दार ओढून सगळ्यांनी बाहेर यायचं. ते गेलेलं माणूस आत येऊन जेवतं, असं मानतात. थोड्या वेळानं दार उघडायचं, त्या ताटातला घास घरच्यांनी घ्यायचा आणि मगच पंगत बसवायची. अप्पांना हे पटत नसे.

"आपल्यात माणूस लिंगैक्य होतंय," ते म्हणाले. "लिंगात मिळालेलं माणूस होळगी खायला परत कशाला येतंय?"

सिद्धव्वा आत्या औरादहून आल्या होत्या. अप्पांपेक्षा मोठ्या, आणि ते त्या विसरू देत नसत. "तुझं शास्तर तुझ्यापाशी ठेव, तम्मा. माझी भावजय जन्मभर सगळ्यांच्या मागनं जेवली. आज तरी तिला आदी जेवू दे."

अप्पांनी मान डोलावली.

"आता सांगा, काय आवडायचं तिला?" आत्यांनी विचारलं.

"होळगी," अप्पा म्हणाले.

"ती तुला आवडती."

"मग हुग्गी."

"ती प्रशांतला. गव्हाची खीर म्हणलं की ह्याला लहानपणी झोप येत न्हवती. मी तिचं इचारायले, तुमचं न्हाई."

अप्पा विचार करू लागले. एवढ्या वर्षांच्या संसाराचा माणूस, गंजात, म्हणजे बाजारपेठेत, अडतीचं दुकान चालवलेला, कोणता शेतकरी कोणती तंबाखू खातो हे सांगणारा. ते जमिनीकडे बघत राहिले. ती आवडीनं खातच नव्हती, जे हाताला लागेल ते खायची, हे मी कोणाला सांगणार होते?

"बुंदी," नेत्रावती हळूच म्हणाली. ती होळग्या लाटत होती. "अन् गार भात. वरनं साखर."

सगळे तिच्याकडे वळले.

"साखरभात म्हणायलीस का?"

"न्हाई. शिळाच भात. साखर पसरून." तिनं लाटणं खाली ठेवलं, परत उचललं. "मला वाटलं, आवडत असंल."

"येडी का काय! मेलेल्या माणसाला शिळा भात?" आत्या म्हणाल्या. "बुंदी ठेव. होळगी ठेव, हुग्गी ठेव, भजी ठेव. इतक्यातलं काई तरी आवडंलच की."

नेत्रानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मला वाटलं, हिला माहीत आहे. मग वाटलं, नाही, मलाच सगळीकडे तेच दिसायला लागलंय.

तेवढ्यात प्रशांत आत आला. "मंजू कुटंय?"

"वरच्या खोलीत झोपलीय. डोकं दुखायलंय म्हणली," नेत्रा म्हणाली.

"झोपू दे. सोमवारी हैदराबादला नेऊन सोडायलाव तिला, वजन उतरवायच्या सेंटरात नाव घालून झालंय. म्हयनाभर नुसता रस अन् सूप. फोन बी काढून घेतेत."

हे मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं. मंजूच्या उशीखाली बिस्किटांच्या रिकाम्या पुड्यांचा खच मी पाहिला होता. ती बारा बारा तास काही खात नाही आणि मग तिला काय होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. महिनाभर रसावर ठेवलेली मुलगी परत येऊन काय करेल तेही मला माहीत होतं.

"प्रशांत, उपाशी ठेवून हे बरं होत न्हाई."

"मग कशानं होतंय, अक्का? खाऊन?" तो वरवर हसला.

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. अव्वाला उचलून बाहेर काढताना दार अपुरं पडलं होतं. एका बाजूला तो होता. तेव्हापासून मंजू दारातून आत आली की त्याला ते दार दिसायचं. रात्री तो उठून तिच्या खोलीबाहेर उभा राहायचा आणि ती श्वास घेते का ते ऐकायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावायला नेत्राला त्यानंच सांगितलं होतं. भीती वाटते असं म्हणण्याऐवजी तो कुलूप म्हणायचा, हैदराबाद म्हणायचा.

मी तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "सोमवार अजून लांब हाय."

"लांब कुटाय? चारच दिवस की," तो म्हणाला आणि मांडवाकडे गेला.

•

अव्वाच्या खोलीत तिच्या फोटोसमोर पाट मांडला. आत्यांनी स्वतः वाढलं. होळगी, तूप, हुग्गी, बुंदी, मिरची भजी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी, भाकरी, भात. शेंगांची चटणी वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोटभर खा गं बाई, कुणी बगायला न्हाई." आणि दार ओढून घेतलं.

त्या खोलीला आतून दुसरं दार आहे, कोठीचं. त्याला नुसता पडदा आहे. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या घरात कोठीत फक्त अव्वा जात असे.

आम्ही पाचजण बोळात उभे राहिलो. "कुणी बगायला न्हाई," हे आत्यांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मरणानंतरही तिला आम्ही दार बंद करूनच जेवायला घातलं होतं. मांडवातून कोणीतरी विचारलं, "झालं का ओ? पोरं भुकेजली." प्रशांत म्हणाला, "व्हायलंय, व्हायलंय." अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटून होते. मी नेत्राला विचारलं, "मंजूला हाक मारू का? घास घ्यायला ती बी पायजे." नेत्रा वर जाऊन आली आणि दारातूनच मान हलवली. मंजू खोलीत नव्हती.

"बाथरूमात असंल," प्रशांत म्हणाला.

आत्यांनी दार उघडलं.

ताट रिकामं होतं. होळगी नव्हती, हुग्गीची वाटी पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती, बुंदीचा एक दाणा नव्हता. भाताच्या जागी तुपाचा ओला डाग. ताटात उरला होता तो मिरचीचा एक देठ.

"आली!" सिद्धव्वा आत्या ओरडल्या. "तम्मा, माझी भावजय आली! सगळं खाल्लं बग! काईसुदीक सोडलं न्हाई!"

अप्पांनी डोळे उघडले. ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि हात जोडले. नंतर एकदा ते मला म्हणाले, "मला तवा काय वाटलं सांगू का? वाटलं, तिला इतकी भूक होती अन् मला ठावंच न्हवतं." तेव्हा माझे डोळे भरून आले. वेड्यासारखं वाटलं, की जेवली, एकदाची जेवली.

तेवढ्यात पडद्यामागे डब्याचं झाकण पडलं.

प्रशांतनं पडदा बाजूला केला. मंजुश्री धान्याच्या पिंपाला टेकून जमिनीवर बसली होती. हनुवटीला हुग्गी लागली होती, दोन्ही हात तुपानं माखलेले, दुपट्ट्यावर बुंदी सांडलेली. ती रडत नव्हती. पोटावर हात दाबून ती आमच्याकडे बघत होती.

"अव्वाचं ताट?" प्रशांत म्हणाला. "अव्वाचं ताट खाल्लीस तू?"

•

"मी हितं आधीपासनं होते," मंजू म्हणाली. "कोठीत. तुम्ही दार लावलात अन् वास आला. मी एक घास घेणार होते, अज्जीचा म्हणून. एकच."

"मग?"

"मग मला थांबताच येईना." तिनं माझ्याकडे पाहिलं. का माझ्याकडे, कोणास ठाऊक. "चव पण कळली न्हाई, रत्नात्या."

आत्यांच्या आनंदाची भीती झाली होती. त्या दोन पावलं मागे सरकल्या. "ही पोरगी न्हवं खाल्लेली. मल्लव्वा आलीय हिच्या अंगात. एवढं जेवण एका पोरीच्यानं व्हतंय का? तम्मा, औरादला एक बाई हाय, अमावास्येच्या आत दाकवू या."

"अंगात न्हाई आली, आत्या, हिच्या जिभेवर आलीय!" प्रशांतनं मंजूचं मनगट धरून तिला उभं केलं. "लाज हाय का गं? अकराव्याचं ताट! बाहेर दोनशे माणूस बसलंय! सोमवार कशाला, आजच गाडी काढतो. तिथं कोंडून ठेवतील तवा कळंल."

"पप्पा, दुखायलंय."

"दुखू दे!"

मी बोळाचं दार आतून लावलं. हे आता बोलले नाही तर संध्याकाळपर्यंत ती हैदराबादच्या रस्त्यावर असेल, एवढंच मला दिसत होतं.

"हात सोड तिचा."

"अक्का, तू मधी पडू नको."

"सोड म्हणते ना. ही हावरट न्हाई. हा आजार हाय. खायला लागलं की थांबता येत न्हाई, भूक नसली तरी. एकटंच खायचं, लपून खायचं, पोट फुटायला आलं तरी खायचं, अन् मग जीव द्यावा वाटतो. त्याच्यावर उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं. अन् उपाशी राहिलं की परत तेच."

"पुस्तकात वाचलीस."

"माझ्यावर इलाज चालू हाय. एक वर्ष झालं."

प्रशांतचा हात सैल झाला. "तू थायरॉइडसाठी जायलीस ना?"

"थायरॉइड अव्वाला बी न्हवता, प्रशांत."

बोळात कोणीतरी दार वाजवलं आणि परत गेलं.

"काय म्हणायचंय तुला?" त्यानं विचारलं.

"अव्वाला बी हेच होतं. आयुष्यभर."

"बास!" तो इतक्या जोरात म्हणाला की मंजू दचकली. "तिचा अकरावा हाय आज. सगळ्या बीदरला ठावं हाय माझी आई काय खात होती. अर्धी भाकरी! सोमवारी पाणी पिऊन राहणारी बाई ती. तिच्यावर आज असलं घालायलीस? अप्पा, तुम्ही काई बोला की!"

अप्पा रिकाम्या ताटाकडे बघत होते.

नेत्रावती तोपर्यंत दाराशी उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रशांतच्या बोलण्यात ती मधे बोललेली मी ऐकली नव्हती. अव्वा गेली त्या पहाटे तिनं जे केलं ते कोणालाही, माहेरीसुद्धा, सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सासूचं एक गुपित आपल्याकडे राहिलं तर राहू दे, अशी तिची भावना होती. दोघींत प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, पण कोठीच्या बाहेरच्या दाराची किल्ली कुठे ठेवायची यावरून त्यांच्यात एक न बोललेला करार होता. आता तिनं आधी मुलीच्या मनगटाकडे पाहिलं, तिथं बोटांचे वळ उठले होते.

"मी तोंड पुसलं त्यांचं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"अत्तींचं. कोठीत, पिंपाला टेकून होत्या त्या. तुम्ही आलात तवा त्या भिंतीला टेकून निवांत बसल्या होत्या ना, तसं मी बसवलं त्यांना. मांडीवर बुंदीचा डबा होता. बाजूला भाताचं पातेलं. तोंडात घास तसाच होता. मी घास काढला, हात धुतले, लुगडं नीट केलं, डबा फडताळावर ठेवला. मग तुम्हाला हाक मारली."

प्रशांत तिच्याकडे बघतच राहिला.

"जीव गेला होता आधीच. हात गार होते," नेत्रा म्हणाली, जणू त्यानं तेच विचारलं होतं. "लोकं काय म्हणतील म्हणून न्हाई केलं मी. त्यांना कुणी बगावं असं त्यांना कदी वाटलं न्हाई, म्हणून केलं. पण आता ही पोरगी बी तिथंच सापडली. त्याच पिंपाला टेकून."

अप्पा खाली बसले. पाटावर नाही, जमिनीवर. "मी रोज इचारायचो तिला," ते म्हणाले, "बसायलीस का म्हणून. अन् वर बगून कदी इचारलं न्हाई."

•

मग प्रशांतनं विचारलं, भांडायच्याच आवाजात, "मग औषध काय ह्याला?"

"पहिलं म्हंजी वेळेवर जेवण. सकाळी, दुपारी, रात्री, अन् मधी थोडं काई तरी. उपास न्हाई, रस न्हाई, कपाटाला कुलूप न्हाई. ताटात वाढून घ्यायचं, बसून, सगळ्यांसमोर."

"खाऊन बरं होतंय म्हणायलीस."

"व्हय. मला बी पहिल्यांदा हसू आलं होतं. शिवाय हप्त्याला एकदा बाईंशी बोलायचं. कशानं जीव घाबरा झाला, कवा हात डब्याकडं गेला, ते ओळखायला शिकवतेत. लागली तर गोळी देतेत."

"येड्यांच्या डॉक्टरकडं?" आत्यांनी विचारलं.

"त्यांच्याकडंच, आत्या. मी येडी दिसायले का?"

"थोडी दिसतीस," आत्या म्हणाल्या, आणि मंजूच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच निघालं. मग ती रडायला लागली ती थांबेना. आत्या तिच्याजवळ जायला घाबरत होत्या, तरी गेल्या, आणि पदरानं तिची हनुवटी पुसू लागल्या.

"किती दिवसांत होईल?" प्रशांत.

"सांगता येत न्हाई. मी अजून घसरते. अव्वा गेली त्या रात्री घसरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी राहिले न्हाई, वेळेवर खाल्ले. ते सगळ्यात अवघड हाय. ते एकटीला जमत न्हाई."

त्यानं खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, परत ठेवला. "हैदराबादला घातलेलं नाव मी अजून काढून घेणार न्हाई," तो म्हणाला. "पण आदी तुझ्या बाईंना इचार. सोमवारी बगतेत का इचार." मग मंजूकडे न बघता, "मनगटाला तेल लाव गं," एवढं म्हणून तो कोठीच्या दारात जाऊन उभा राहिला. पिंपाकडे बघत. त्याचे खांदे हलत होते का, मी नीट पाहिलं नाही.

मला सुटल्यासारखं वाटलं नाही. सोमवारी बाईंची वेळ मिळेल का, मिळाली तरी मंजू तोंड उघडेल का, आत्या औरादच्या बाईचं परत काढतील का, बाहेर कोणी काही ऐकलं का, सगळं एकाच वेळी डोक्यात चालू होतं.

"म्हंजी मल्लव्वा उपाशीच राहिली की गं," आत्या अचानक म्हणाल्या.

त्या उठल्या, रिकामं ताट उचललं आणि मी बोळाचं दार उघडल्यावर घराच्या मागच्या दारानं चुलीकडे गेल्या. आम्ही त्यांचा आवाज ऐकत होतो, "बगू नको माझ्याकडं, वाढ! होळगी दोन घाल!" परत आल्या तेव्हा ताट पहिल्यासारखंच भरलेलं होतं. फक्त एका कडेला पांढऱ्या भाताची छोटी मूद होती आणि तिच्यावर साखर पसरलेली होती. भात गार होता की नव्हता, मी विचारलं नाही. नेत्रानं तिकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

आत्यांनी ताट पाटावर ठेवलं, फोटोला हात जोडले आणि सवयीनं दाराकडे वळल्या.

"दार राहू दे, आत्या."

"उगडं? उगड्या दारात कसं येईल गं ती?"

"तिला यायचं तर येऊ दे. आपण हितंच बसू."

त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा सरकून ताटाजवळ बसले, मांडी घालून, जेवायला बसतात तसे. नेत्रा बसली. प्रशांत कोठीच्या दारातून हलला नाही, पण पडदा त्यानं पूर्ण बाजूला सारला. मंजूनं हात पाठीमागे लपवले.

"मला नको. मी बसत न्हाई. मी खाल्लंय."

"खाऊ नको," मी म्हणाले. "नुसती बस. माझ्याजवळ."

ती बसली. बोळाचं दार उघडंच होतं. तिकडून मांडव दिसत होता, आणि मांडवातली माणसं आमच्याकडे बघत होती, हे लोक दार उघडं टाकून मेलेल्या माणसाच्या ताटासमोर का बसलेत म्हणून. फोटोतली अव्वा प्रशांतच्या लग्नातली होती. पंगतीत वाढणारी, हातात बुंदीची परात. तिचे जेवतानाचे फोटो नाहीतच.

मी एक होळगी मोडली आणि तुकडा ताटाच्या कडेला, तिच्या बाजूला ठेवला.

"अव्वा," मी म्हणाले. आवाज मोठा आला, मांडवापर्यंत गेला असेल. "कोठीत तू काय करायचीस ते मला ठावं होतं. मी बगितलं होतं. मी बी तसंच करते. तुझ्यासारखंच, दार लावून. ती तुझी हाव न्हवती, अव्वा. आता मागनं नको. दार उगडं हाय, सगळे बसलोत. ये, माझ्यासमोर बसून खा."